ठराव कुणाच्या खिशात? ‘गोकुळ’च्या २०२१ च्या सत्तांतराचा अभ्यास

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस वर्षातून एकदा तुटतो आणि त्याचं बिल हप्त्याहप्त्यानं येतं. घर चालतं ते दुधावर. दर दहा दिवसांनी डेअरीत बिल निघतं, त्यातून किराणा, दवाखाना, पोरांची फी भागते आणि दिवाळीला दूध दरातल्या फरकाची रक्कम आली की कपडालत्ता होतो. हे दूध ज्या संघाकडे जातं तो कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे ‘गोकुळ’, १९६३ साली स्थापन झाला. आनंदराव पाटील-चुयेकरांसारख्या माणसांनी तो गावोगाव रुजवला आणि मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला कोल्हापूरच्या म्हशीच्या दुधाची चव लावली. आज बाराही तालुक्यांत त्याच्या दूध संस्था आहेत.

या संघाची सत्ता मे २०२१ मध्ये पालटली. महादेवराव (आप्पा) महाडिक आणि पी. एन. पाटील यांच्या हातातून ती काँग्रेसचे सतेज (बंटी) पाटील आणि राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ यांच्याकडे गेली. २१ पैकी १७ जागा विरोधकांनी घेतल्या. त्या दिवसांत जिल्ह्यात याची चर्चा ‘बंटी जिंकले, आप्पा हरले’ एवढ्यावरच झाली. मला हे प्रकरण त्यापलीकडे महत्त्वाचं वाटतं. दोन बलाढ्य गट एकमेकांसमोर उभे राहिले की सामान्य उत्पादकाच्या पदरात काय पडतं, कधी पडतं आणि कुठे अडतं, हे इतकं उघडपणे दाखवणारं दुसरं उदाहरण आपल्या भागात नाही.

मतदार कोण, हा पहिला प्रश्न

दूध घालणारे उत्पादक लाखांत आहेत. संघाच्या निवडणुकीत मत देणारे मात्र २०२१ मध्ये साडेतीन हजारांच्या थोडे पुढे होते. गावातल्या प्राथमिक दूध संस्था या संघाच्या सभासद. प्रत्येक पात्र संस्थेला एक मत, आणि ते मत कोण देणार हे संस्थेची कमिटी ठरावानं ठरवते. ज्याच्या नावे ठराव, तो ठरावधारक.

हा ठराव होतो कसा, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. पहाटे बाई म्हशीची धार काढते, किटली घेऊन डेअरीत येते. सचिव दूध मापून घेतो, नमुना मशीनला लावतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) लागते, चिठ्ठी निघते. संस्थेशी तिचा रोजचा संबंध एवढाच. बहुतेक घरांत सभासदत्व नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं, त्यामुळे वार्षिक सभेलाही तीच माणसं जातात. संघाची निवडणूक लागायची चाहूल लागली की कमिटीची बैठक होते. अजेंड्यावर विषय येतो: प्रतिनिधी नेमणे. पाच-दहा मिनिटांत नाव ठरतं, कारण ते आधीच तालुक्याच्या नेत्याच्या बंगल्यावर ठरलेलं असतं. सूचक, अनुमोदक, सह्या, शिक्का. त्या क्षणी गावातल्या शे-दोनशे किटल्यांचं मत एका माणसाच्या खिशात जातं. त्या बाईला विचारायला कुणी येत नाही.

गावात एकच संस्था असती तर तिथंही लढत झाली असती. पण आपल्याकडे बऱ्याच गावांत दोन-तीन संस्था आहेत, एक या गटाची, दुसरी त्या गटाची. भांडण झालं की नवी डेअरी निघते. दूध तेच, रस्ता तोच, फक्त फलक वेगळा. त्यामुळे संस्था वाढत गेल्या, ठराव वाढत गेले, आणि प्रत्येक ठरावाला कुठल्या ना कुठल्या नेत्याचं नाव चिकटलं.

दुसरी गोष्ट मतपत्रिकेची. संघाचं संचालक मंडळ तालुक्यातालुक्यांतून स्वतंत्र निवडून येत नाही. १६ सर्वसाधारण जागा आणि ५ राखीव, त्यात २ महिलांच्या, असे सगळे २१ संचालक सगळ्या जिल्ह्याचे ठरावधारक मिळून निवडतात. करवीर तालुक्यात सर्वांत जास्त ठराव, शिरोळसारख्या तालुक्यात मोजके. म्हणून एकट्या माणसानं उभं राहून निवडून येणं जवळजवळ अशक्य. पॅनेल लागतं, आणि पॅनेल उभं करायला तालुक्यातालुक्यातले नेते लागतात. दोनच गट शिल्लक राहतात ते या रचनेमुळे. तिसरं पॅनेल काढणाऱ्याची मतं वाया जाणार हे ठरावधारकाला आधीच माहीत असतं.

वैर आणि त्याचा पसारा

महादेवराव महाडिक विधान परिषदेवर स्थानिक स्वराज्य संस्थांमधून सलग निवडून येत होते. ‘गोकुळ’वर त्यांचा आणि पी. एन. पाटील यांचा शब्द चाले, अरुण नरके यांच्यासारखे जुने जाणते सोबत. समोर सतेज पाटील, २००४ साली करवीरमधून अपक्ष आमदार झालेले. २००९ मध्ये कोल्हापूर दक्षिणमध्ये त्यांनी महादेवरावांचे पुतणे धनंजय महाडिकांना हरवलं. २०१४ च्या लोकसभेला आघाडीधर्म म्हणून सतेज पाटलांनी राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांना मदत केली, ते खासदार झाले. आणि काही महिन्यांतच विधानसभेला महादेवरावांचे चिरंजीव अमल महाडिक भाजपकडून उभे राहिले व सतेज पाटील पडले. इथून पुढे तडजोडीची भाषा संपली. २०१५ च्या डिसेंबरात सतेज पाटलांनी थेट महादेवरावांनाच विधान परिषदेला हरवलं. २०१९ मध्ये ‘आमचं ठरलंय’ म्हणत त्यांनी स्वतःच्याच आघाडीचे उमेदवार असलेल्या धनंजय महाडिकांविरुद्ध शिवसेनेच्या संजय मंडलिकांना बळ दिलं, मंडलिक २ लाख ७० हजारांहून जास्त मतांनी आले. त्याच वर्षी सतेज पाटलांचे पुतणे ऋतुराज पाटलांनी अमल महाडिकांना दक्षिणमध्ये हरवलं.

ही यादी वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. पक्ष कुठेच आडवा येत नाही. एका घरातला उमेदवार राष्ट्रवादीचा, दुसरा भाजपचा. काँग्रेसचे सतेज पाटील शिवसेनेला मदत करतात. आणि काँग्रेसचेच निष्ठावंत आमदार पी. एन. पाटील ‘गोकुळ’मध्ये महाडिकांच्या खांद्याला खांदा लावून उभे. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटतो. इथल्याला वाटत नाही. पक्ष मुंबईचा, गट गावचा, हे शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघासाठी घसा कोरडा करणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे.

मल्टिस्टेट: जिथं भांडण दुधापर्यंत आलं

ही सगळी ईर्ष्या पुढाऱ्यांच्या घरची होती. उत्पादकाला तिच्यात काही पडलं नव्हतं. ते बदललं २०१८ मध्ये, सत्ताधाऱ्यांनी ‘गोकुळ’ बहुराज्य करायचा घाट घातला तेव्हा.

बहुराज्य म्हणजे संघ राज्याच्या सहकार कायद्यातून निघून २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली जाणार. कर्नाटकातलं दूध घेता येईल, व्याप वाढेल, असा सत्ताधाऱ्यांचा युक्तिवाद. तो पोकळ नव्हता. सीमाभागात दूध आहे, आणि मुंबईची मागणी भागवायला संघाला दूध लागतंच. पण विरोधकांनी मांडलेली शंका जास्त वजनदार होती. राज्याच्या सहकार खात्याची देखरेख जाणार, शेजारच्या राज्यातले नवे सभासद येणार, त्यांचे ठराव कुणाच्या हातात असणार? जिल्ह्यातल्या संस्थांच्या मताचं मोल कमी झालं तर संचालक मंडळ बदलायची उरलीसुरली वाटही बंद व्हायची.

त्या सप्टेंबरमधली वार्षिक सभा गोंधळात काही मिनिटांत आटोपली. मंजूर, मंजूर असा आवाज एका बाजूने, नामंजूर दुसऱ्या बाजूने. सत्ताधारी म्हणाले ठराव मंजूर झाला. सतेज पाटील आणि मुश्रीफ यांनी गावोगाव विरोध पेटता ठेवला. २०१९ च्या विधानसभेच्या निकालानंतर संचालक मंडळाने हा विषय मागे घेतला.

माझ्या मते या सबंध प्रकरणातला उत्पादकाचा सर्वांत मोठा फायदा हाच, आणि तो निवडणुकीच्या आधीच झाला. समोर तितक्याच ताकदीचा दुसरा गट नसता, तर बहुराज्याचा ठराव शांतपणे पार पडला असता आणि उत्पादकाला तो वर्तमानपत्रातून कळला असता. सतेज पाटलांनी विरोध केला तो उत्पादकाच्या कळवळ्यानं की आप्पांना अडवण्यासाठी, हा वाद मी घालणार नाही. दोन्ही असू शकतं. एका गटाला हातातली सत्ता पक्की करायची होती आणि दुसऱ्याला ती करू द्यायची नव्हती. त्या ओढाताणीत संस्थेच्या मताचं मोल टिकलं.

जोडण्या

बहुराज्याचा विषय गेला तरी निवडणूक जिंकायला तेवढं पुरणार नव्हतं. ठरावधारक सभेत घोषणा देतो आणि मत नेत्याच्या सांगण्यावरून टाकतो. म्हणून २०२० नंतर सुरू झाल्या जोडण्या, म्हणजे नेते आणि त्यांचे ठराव आपल्या बाजूला ओढायचं काम.

आतापर्यंतच्या वर्णनात दोन नावं मोठी दिसतात. प्रत्यक्षात निवडणूक फिरवली ती मधल्या माणसांनी. विश्वास पाटील आणि अरुण डोंगळे, दोघेही सत्ताधारी मंडळातले जुने संचालक, दोघांनीही पूर्वी संघाचं अध्यक्षपद भूषवलेलं. ते विरोधी आघाडीत आले आणि येताना करवीर-राधानगरी पट्ट्यातले आपले ठराव घेऊन आले. कागलचे मुश्रीफ, खासदार मंडलिक, वारणेचे विनय कोरे, चंद्रदीप नरके असे एकेक नेते एका मांडवाखाली जमले. यातल्या कोरेंचं येणं मला विशेष वाटतं. वारणा दूध संघ हा गावागावांत ‘गोकुळ’शी दुधासाठी स्पर्धा करणारा संघ. धंद्यातला स्पर्धक निवडणुकीत भागीदार झाला, आणि कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

नरके घराण्यात तर दोन वाटा झाल्या. चंद्रदीप इकडे, अरुण नरके यांचे चिरंजीव चेतन तिकडे. निकाल कसाही लागला तरी घर मंडळाबाहेर राहणार नव्हतं.

दोन गट बरोबरीचे झाले की त्या दोघांची किंमत वाढत नाही, त्यांच्या मधल्याची वाढते. ज्याच्याकडे शंभर-दीडशे ठराव आहेत तो एका बाजूला झुकला की पारडं फिरतं. म्हणून त्याला उमेदवारी, पद, शब्द, सगळं मिळतं. दहा लिटर दूध घालणाऱ्याकडे झुकायला काहीच नसतं.

प्रचाराचे दोन मुद्दे होते. एक टँकरचा: महाडिकांशी संबंधित टँकरना संघाच्या वाहतुकीतून मिळणारा पैसा. महाडिक गटाने आरोप नाकारले, पण मुद्दा गावात पोहोचला, कारण तो समजायला सोपा होता. दुसरा दराचा: सत्ता आली की काटकसर करून उत्पादकाला लिटरमागे २ रुपये जादा देऊ. दोन्ही पॅनेलांच्या नावात राजर्षी शाहूंचं नाव होतं.

कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, २ मे २०२१ ला मतदान झालं. दवाखान्यांत खाट मिळत नव्हती, आणि इकडे जवळपास सगळेच्या सगळे ठरावधारक मतदानाला आले. त्यांना एकगठ्ठा सांभाळायच्या, सहलीला न्यायच्या पद्धतीबद्दल जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मला ती लाजिरवाणी वाटते. पण ज्या मतामागे शे-दोनशे घरांचं दूध आहे ते मत एकाच माणसाच्या हाती दिलं, की त्या माणसाला जपणं आणि पळवणं दोन्ही स्वस्त पडतं. ठरावधारकाला लोभी म्हणून दोष देऊन भागणार नाही, दोष रचनेत आहे.

४ मे ला मोजणी झाली. १७ विरोधकांचे, ४ सत्ताधाऱ्यांचे. त्या चारांत चेतन नरके, अंबरीश घाटगे, बाळासाहेब खाडे आणि महिलांच्या दोनपैकी एका जागेवर महादेवरावांच्या सूनबाई शौमिका महाडिक. पॅनेल टू पॅनेल मतदानाचा आग्रह दोन्हीकडून असूनही क्रॉस व्होटिंग झालं, त्याशिवाय हा निकाल लागला नसता. अध्यक्ष झाले विश्वास पाटील. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, अरुण डोंगळे. म्हणजे सत्तांतरानंतरची पहिली चार वर्षं खुर्चीवर बसले ते आधीच्या सत्तेतलेच दोघे. मधल्या माणसाची किंमत याहून स्पष्ट कशी दिसणार?

दोन रुपये

जुलै २०२१ मध्ये संघाने म्हशीच्या दुधाचा खरेदी दर लिटरला २ रुपयांनी आणि गाईच्या दुधाचा १ रुपयाने वाढवला. शब्द पाळला म्हणायचा, निदान म्हशीपुरता. दोन म्हशींचं मिळून दिवसाला १० लिटर घालणाऱ्या घराला दहा दिवसांच्या बिलात २०० रुपये जादा. महिन्याला ६००. पशुखाद्याचं पोतं घ्यायला गेलं की ही रक्कम लहान वाटते, पण ती खरी आहे आणि दर दहा दिवसांनी हातात पडते.

मात्र पैसा आला कुठून हेही बघायला हवं. त्याच वेळी संघाने मुंबई-पुण्याकडच्या विक्री दरात लिटरला २ रुपये वाढ केली, कोल्हापूर परिसरातला दर तेवढा वाढवला नाही. म्हणजे वाढीचा मोठा भाग काटकसरीतून न येता दूरच्या ग्राहकाच्या खिशातून आला. यात गैर काही नाही. उत्पादकाला भाव द्यायचा तर कुणीतरी तो मोजायलाच हवा, आणि ‘गोकुळ’च्या नावाला मुंबईत तेवढी पत आहे. पण प्रचारात सांगितलं गेलं होतं वेगळं. वाहतूक, प्रशासन, खरेदी यांतून नेमकी किती बचत झाली आणि तिचा किती हिस्सा उत्पादकापर्यंत पोहोचला, हे डेअरीच्या चिठ्ठीवर कधी दिसत नाही. दिसायला हवं.

हे विचारणारं कुणी मंडळात उरलं, ते त्या चार जागांमुळे. शौमिका महाडिकांनी वार्षिक सभांत आणि बाहेरही कारभारावर प्रश्न लावून धरले, त्यांच्या तक्रारीनंतर संघाच्या चाचणी लेखापरीक्षणापर्यंत प्रकरण गेलं. पूर्वी सतेज पाटील जे बाहेरून विचारत होते ते आता महाडिक आतून विचारू लागले. त्यांचा हेतू राजकीय आहे, असेना का. २१ पैकी २१ जागा एका गटाला मिळाल्या असत्या तर दूध उत्पादकाचं जास्त नुकसान झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

जिथं लढत नसते तिथं

सत्तांतरानंतर सात महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, विधान परिषदेची निवडणूक आली. सतेज पाटलांसमोर अमल महाडिक उभे. जिल्हा पुन्हा सरसावून बसला. आणि राज्यपातळीवर तडजोड झाली: धुळे-नंदुरबारची जागा भाजपला बिनविरोध, कोल्हापूरची काँग्रेसला. अमल महाडिकांनी अर्ज मागे घेतला. पाठोपाठ जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सतेज पाटील, मुश्रीफ, पी. एन. पाटील आणि अमल महाडिक हे चौघेही आपापल्या जागांवर बिनविरोध संचालक झाले. ज्या बँकेतून पीककर्जाचा पैसा जातो, ज्या बँकेत संस्थांची खाती आहेत, तिथं ही सगळी मंडळी एका टेबलाभोवती बसली. बँकेच्या कारभारावर ‘गोकुळ’इतके प्रश्न कुणी विचारले का, हे ज्याने त्याने आठवून बघावं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये कसबा बावड्याच्या राजाराम साखर कारखान्याची लढत मात्र झाली. ‘कंडका पाडायचा’, म्हणजे एकदाचा निकाल लावायचा, असं म्हणत सतेज पाटील आपल्याच गावच्या कारखान्यात उतरले. ऊस घालण्याच्या अटीवरून त्यांच्या बाजूचे २९ अर्ज बाद झाले आणि महाडिकांनी सगळ्या जागा राखल्या. तिथं मत ठरावधारकाचं नव्हतं, ऊस उत्पादक सभासदाचं होतं, हजारोंच्या संख्येनं. जोडण्या लावून ते फिरवणं अवघड जातं. ‘गोकुळ’मध्येही दूध घालणाऱ्याला थेट मत असतं, तर २०२१ चा निकाल कदाचित हाच लागला असता, कदाचित उलटा. पण टँकरचा आणि दराचा हिशेब नेत्यांना गावच्या चावडीवर बसून द्यावा लागला असता.

पुढे राज्याचं राजकारण फिरलं. जुलै २०२३ मध्ये मुश्रीफ अजित पवारांसोबत महायुतीत गेले, धनंजय महाडिक आधीच भाजपचे राज्यसभा खासदार होते. म्हणजे मुंबईत मुश्रीफ आणि महाडिक एका सरकारचे, आणि गोकुळ शिरगावला संघाच्या बैठकीत मुश्रीफ व सतेज पाटील एका आघाडीचे. २०२४ च्या विधानसभेत अमल महाडिक दक्षिणमधून परत निवडून आले आणि जिल्ह्यातल्या दहापैकी नऊ जागा महायुती आणि तिच्या मित्रपक्षांकडे गेल्या, चंदगडची भाजपच्या बंडखोर अपक्षाकडे, काँग्रेसला एकही नाही. मे २०२५ मध्ये ठरल्या मुदतीप्रमाणे अरुण डोंगळेंनी अध्यक्षपदाचा राजीनामा द्यायचा होता. त्यांनी आधी नकार दिला. अध्यक्ष महायुतीचा व्हावा अशी वरिष्ठांची इच्छा असल्याचं त्यांनी सांगितलं. काही दिवस ओढाताण झाली, मग राजीनामा आला आणि मुश्रीफांचे चिरंजीव नविद मुश्रीफ अध्यक्ष झाले.

या वेळी मधला माणूस डोंगळे नव्हते, मुश्रीफ होते. सतेज पाटलांना संघात राहायला ते हवे होते, महायुतीला संघ घ्यायला तेच हवे होते, आणि खुर्ची त्यांच्या घरी गेली. या सगळ्या वाटाघाटींत खरेदी दराचा विषय कुठे आला नाही, कारण त्या महिन्यात ठराव गोळा करायचे नव्हते.